घडणावळ

गेल्या पाडव्याची गोष्ट. पाडव्याच्या दिवशी आमच्या गावच्या सराफकट्ट्यावर पाय ठेवायला जागा नसते. तरीही आजी, आई आणि नात अशा तीन पिढ्या आम्ही एका दुकानात दाटीवाटीने बसलो होतो. माझ्या आईच्या मांडीवर जुना पितळी डबा होता, आणि डब्यात लाल फडक्यात गुंडाळलेली तिच्या सासूची जोंधळी पोत. पोतीचा दोरा जीर्ण झाला होता आणि दोन पदरांतले मणी ओघळून डब्याच्या तळाशी पडले होते. ती मोडावी आणि माझ्या मुलीसाठी एक ठसठशीत साखळी करून घ्यावी, असा आईचा आणि माझा बेत होता. मुलीला कोणी विचारले नव्हते. दागिन्यांच्या बाबतीत ज्याच्यासाठी दागिना करायचा त्याला विचारण्याची पद्धत आमच्या घरी नाही.

सराफांनी पोत काट्यावर टाकली. दोऱ्याचे वजन वजा केले, कस पाहिला, घट धरली आणि कागदावर आकडा मांडून तो आईपुढे सरकवला. आई चष्मा शोधू लागली. तेवढ्यात माझी मुलगी पुढे वाकून म्हणाली, "आणि हिची घडणावळ?"

सराफ भला माणूस. तो हसला. म्हणाला, "घडणावळ दागिना करून घेताना द्यायची असते, ताई. मोडताना ती कोणी धरत नाही. मोडीत फक्त सोनं."

"म्हणजे हे एवढे सगळे दाणे कुणीतरी हातानं केले, त्याचे पैसे शून्य?"

"शून्यच."

आईला ही उलटतपासणी आवडली नाही. ती सराफांकडे पाहून म्हणाली, "अहो, हिला सोन्याचं काय कळतंय? गळ्यात चांदी घालून हिंडते ती!"

सगळ्यांच्या नजरा मुलीच्या गळ्याकडे गेल्या. तिच्या गळ्यात चांदीची केसाएवढी बारीक साखळी होती, आणि तिला घेवड्याच्या दाण्याएवढा एक गुळगुळीत चांदीचा तुकडा. तुकडा कसला, घेवड्याचा दाणाच तो! पहिल्या पगारातून तिने तो घेतला होता. आमच्याकडे चांदी पायात. पैंजण, जोडवी, मासोळ्या चांदीच्या. सोने कमरेच्या वर. सोने म्हणजे लक्ष्मी, म्हणून ते पायात घालायचे नाही, आणि चांदी गळ्यात घालायची ती ज्यांना सोने परवडत नाही त्यांनी, असा आमच्या मध्यमवर्गीय घरांचा न लिहिलेला कायदा आहे. त्यामुळे नातीच्या गळ्यातला तो दाणा माझ्या आईच्या डोळ्यांत चांगलाच खुपत होता.

"आजी," मुलगी शांतपणे म्हणाली, "हा घाट एल्सा पेरेत्तीचा आहे. पन्नास वर्षांपूर्वीचा. माझा अस्सल नाही, नक्कल आहे. पण घाट तिचा."

पोत त्या दिवशी मोडली नाही. "विचार करून सांगतो" म्हणून आम्ही उठलो. आई घरापर्यंत बोलली नाही. मी मात्र रात्री मुलीला विचारले, "कोण गं ही तुझी पेरेत्ती?"

मी मराठीची प्राध्यापिका. नवकथा, दलित साहित्य, संतांचे अभंग हा माझा रोजचा धंदा. दागिन्यांचा घाट घडवणारी एक इटालियन बाई माझ्या वाटेला कधी येण्याचे कारण नव्हते. परंतु घडणावळीचा तो प्रश्न माझ्या मनात रुतून बसला होता. गेले वर्षभर सवड मिळेल तसे मी ह्या बाईविषयी वाचत आले. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवते.

*

एल्सा पेरेत्ती १ मे १९४० रोजी इटलीतल्या फ्लॉरेन्स येथे जन्मली. वडिलांनी खनिज तेलाची मोठी कंपनी काढलेली. घरी कशाचीही ददात नव्हती. रोममध्ये आणि स्वित्झर्लंडमध्ये शिक्षण झाले. चारचौघींसारखे चांगले स्थळ पाहून लग्न करावे, ही घरच्यांची अपेक्षा. एकविसाव्या वर्षी ही पोरगी घर सोडून निघाली. वडिलांनी पैसे बंद केले. पोटासाठी तिने स्वित्झर्लंडमध्ये मुलींना फ्रेंच शिकवले, बर्फावरून घसरण्याचा खेळ शिकवला. मग मिलानमध्ये एका वास्तुविशारदाकडे काम केले. १९६४ च्या सुमारास ती स्पेनमधल्या बार्सिलोनाला गेली आणि कपड्यांच्या जाहिरातींसाठी मॉडेल म्हणून उभी राहू लागली. घरच्यांच्या दृष्टीने ही अब्रू घालवण्याचीच तऱ्हा. बापलेकीचे संबंध बरीच वर्षे तुटल्यासारखेच राहिले.

१९६८ मध्ये ती न्यूयॉर्कला आली. उंच, सडपातळ, धारदार चेहऱ्याची. तिला मॉडेल म्हणून काम मिळू लागले. पण दुसऱ्याने शिवलेले कपडे घालून मिरवण्यात तिचे मन रमेना. एकदा जुन्या बाजारात तिला एक लहानशी फुलदाणी दिसली. तिच्यावरून तिने स्पेनमधल्या एका चांदीच्या कारागिराकडून जेमतेम दोन इंचांची चांदीची बाटली घडवून घेतली आणि ती चामड्याच्या वादीत ओवून गळ्यात अडकवण्याजोगी केली. बाटलीत पाणी घालून एखाद्या फुलाचा देठ खोवता येई. १९६९ साली जोर्जो दी सांतांजेलो ह्या वेशकाराच्या प्रदर्शनात एका मॉडेलच्या गळ्यात ती झळकली, आणि लोकांनी कपड्यांबरोबर बाटलीचीही चौकशी सुरू केली.

आपल्या बायका फूल केसांत माळतात. हिने ते गळ्यात ठेवले आणि त्याला प्यायला पाणीही दिले. मला तर ही कल्पनाच मोठी लोभस वाटली.

पुढे हॉल्स्टन ह्या त्या काळच्या अत्यंत नावाजलेल्या अमेरिकन वेशकाराशी तिचे सूत जमले. हॉल्स्टनचे कपडे साधे. झालर नाही, फीत नाही, अंगावरून पाण्यासारखे वाहणारे. अशा कपड्यांवर जुन्या पद्धतीचा, रत्नांनी खचलेला हार म्हणजे साध्या अभंगाला नाटकी चाल लावण्यासारखे. त्यांना हवा होता पेरेत्तीचा दागिना, अंगाला बिलगणारा आणि ओरडून न बोलणारा. १९७१ साली तिला 'कोटी' हा अमेरिकन फॅशनच्या क्षेत्रातला मानाचा पुरस्कार मिळाला. १९७४ साली हॉल्स्टननेच तिची टिफनी कंपनीच्या प्रमुखांशी गाठ घालून दिली.

टिफनी म्हणजे न्यूयॉर्कची १८३७ पासूनची पेढी. हिऱ्यांसाठी जगभर नाव. तिथे चांदी होती, पण ती काट्याचमच्यांची आणि तबकांची. अंगावर घालायचा चांदीचा दागिना त्या दुकानाने सुमारे पंचवीस वर्षांत विकायला ठेवला नव्हता. म्हणजे पाहा, माझ्या आईचा आणि टिफनीचा कायदा एकच होता! चांदी जेवणाच्या टेबलावर किंवा पायात, गळ्यात नाही. ह्या चौतीस वर्षांच्या बाईने टिफनीच्या कपाटात चांदीचे दागिने मांडले आणि बायकांनी ते पाहता पाहता उचलले.

*

असे काय होते त्या दागिन्यांत? मी दागिन्यांची पारखी नाही. पण वर्गात कविता फोडून सांगण्याची सवय आहे. त्याच सवयीने तिचे तीनचार घाट सांगते.

पहिला घाट हाडाचा. रोममध्ये कापुचिन साधूंच्या एका चर्चखाली एक तळघर आहे. तिथल्या भिंती आणि छत साधूंच्या हाडांनी सजवलेले आहेत. लहानपणी एल्साला तिथे नेत, आणि ही पोर तिथून हाडे उचलून आणी. आईने तिला ती परत करायला लावली. पण हाडाचा तो गुळगुळीत, वळणदार आकार तिच्या मनातून गेला नाही. पुढे बार्सिलोनात तिने गौदी ह्या स्थापत्यकाराची लाटांसारख्या वळणांची इमारत पाहिली. ह्या दोन्हींतून तिचे रुंद, चांदीचे कडे निघाले. आपली बांगडी गोल असते. पण मनगट काही गोल नसते. त्याला एका बाजूला हाडाचा उंचवटा असतो. पेरेत्तीच्या कड्यात नेमक्या त्या उंचवट्यावर चांदी फुगीर होते, जणू मनगटाचे हाडच वर येऊन चांदीचे झाले. म्हणून हे कडे डाव्या हाताचे वेगळे आणि उजव्या हाताचे वेगळे.

दुसरा घाट हृदयाचा. प्रेमाची निशाणी म्हणून बदामाच्या आकाराचे पदक जगभर घासून गुळगुळीत झालेले. शाळकरी पोरांच्या वहीत असते, ट्रकच्या मागे असते. हिने काय केले? हेन्री मूर ह्या इंग्रज शिल्पकाराच्या शिल्पांतल्या पोकळ्या तिला फार आवडत. तिने बदामाच्या मधली जागा काढून टाकली आणि केवळ एक वाकडीतिकडी, हाताने ओढल्यासारखी कड ठेवली. त्याला वर कडी नाही. साखळी त्या पोकळीतूनच ओवायची. हृदय साखळीवर हवे तिथे सरकते, हवे तसे कलते. शिळ्या उपमेतून एक अक्षर गाळून ती ताजी करावी, असा हा प्रकार आहे.

तिसरा घाट घेवड्याच्या दाण्याचा, माझ्या मुलीच्या गळ्यात होता तो. त्याविषयी पुढे बोलायचे आहे.

आणि चौथा, ज्याने दागिन्यांच्या व्यापाराचे वळणच बदलले तो, हिऱ्यांचा. हिरा म्हणजे मोठा, उंच बसवलेला, लग्नकार्यापुरता तिजोरीतून निघणारा, अशी समजूत. पेरेत्तीने लहान लहान हिरे घेतले, प्रत्येकाभोवती धातूची बारीक कड वळवली आणि बारीक साखळीत थोड्या थोड्या अंतरावर ते बसवले. पावसानंतर तारेवर थेंब राहतात तसे. त्या साखळीला नाव दिले त्याचा अर्थ होतो 'वाराने हिरे'. कापड मागावे तसे हिरे मागा! नऊवारी नेसणाऱ्यांच्या नातींना हे नाव समजावून सांगायला नको. तिजोरीतला हिरा ह्या बाईने कापडाच्या गजावर आणून ठेवला. तो सुती पोलक्यावर चालतो, कचेरीत चालतो, झोपताना काढावा लागत नाही.

ह्याला काळाचीही साथ होती. सोन्याचा सरकारी भाव १९७१ पर्यंत औंसाला ३५ डॉलर होता. डॉलरची सोन्याशी बांधलेली गाठ त्या वर्षी सुटली आणि १९७४ च्या अखेरीस भाव १८० डॉलरच्याही वर गेला. सोने हाताबाहेर चालले. दुसरीकडे बायका मोठ्या संख्येने नोकऱ्या करू लागल्या होत्या. अमेरिकेसारख्या देशातही तोवर बाईला उधारीचे खाते उघडायचे तर पुष्कळ ठिकाणी नवऱ्याची सही मागत. बाई म्हणून किंवा लग्न झाले-न झाले म्हणून कर्ज नाकारता येणार नाही, असा कायदा तिथे झाला तो ऑक्टोबर १९७४ मध्ये, म्हणजे पेरेत्ती टिफनीत आली त्याच वर्षी. दागिना तोवर बापाने घालायचा, नवऱ्याने द्यायचा. स्वतःच्या पगारातून, कोणाला न विचारता, एखाद्या दुपारी जाऊन स्वतःसाठी घेण्याचा दागिना पेरेत्तीने दिला.

फॅशनचे आयुष्य अळवावरच्या पाण्याएवढे, असे आपण म्हणतो. हे घाट पन्नास वर्षांनंतरही दुकानात आहेत. २०१२ मध्ये टिफनीने तिच्याशी आणखी वीस वर्षांचा करार केला आणि त्यापोटी एकरकमी सुमारे ४.७ कोटी डॉलर मोजले. त्या सुमारास त्या अवाढव्य पेढीच्या विक्रीतला सुमारे दहावा हिस्सा एकट्या पेरेत्तीच्या घाटांचा होता. आता विचार करा. चांदी ती किती? साडेब्याण्णव टक्के चांदी, बाकी बहुधा तांबे. बाजारात कोणालाही मिळेल अशी. हे पैसे चांदीचे नव्हते. ही सगळी घडणावळ होती.

आणि दुकानातल्या विक्रीहूनही मोठा पुरावा माझ्या वर्गात रोज बसतो. लेखक मोठा की लहान हे त्याच्या नकलांवरून कळते, असे मी मुलांना सांगत असते. व्यासपीठावरून पाहावे तर निम्म्या मुलींच्या गळ्यात बारीक साखळी, तिच्यावर सुटा सरकणारा एखादा आकार, किंवा अंतराअंतरावर चमकणारे खडे. त्यांतल्या एकीनेही पेरेत्तीचे नाव ऐकलेले नसेल. भाषेतले शब्द असेच रुळतात. कोणी घडवला ते विसरले जाते, तेव्हाच शब्द खऱ्या अर्थाने भाषेचा होतो.

आमच्या सरकारने एकदा बायकांची सोन्याची हौस कायद्याने बदलू पाहिली होती. जानेवारी १९६३ मध्ये, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना, १४ कॅरटपेक्षा जास्त कसाचे दागिने घडवायला बंदी आली. हौस बदलली नाही. सोनारांच्या भट्ट्या मात्र विझल्या आणि हजारो घरे उघड्यावर आली. काही वर्षांत ती कॅरटची अट मागे घ्यावी लागली, आणि १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदाही १९९० साली रद्द झाला. जे फर्मानाला साधले नाही ते चांदीच्या एका दाण्याने माझ्या घरात साधले. मुलगी सोने मागेनाशी झाली.

*

आता त्या घेवड्याच्या दाण्याकडे वळते.

पेरेत्तीचा तो दाणा म्हणजे आरंभाची खूण. बीज. तळहातावर घेतला तर अंगठा आपोआप त्याच्या खळग्यात जातो. मुलगी मला हे कौतुकाने सांगत होती, आणि माझ्यासमोर टेबलावर डब्यात आजीची पोत होती. एकाएकी मला हसू आले.

"अगं," मी म्हणाले, "हिचं नाव काय?"

"कुणाचं? पोतीचं? जोंधळी पोत."

"जोंधळी म्हणजे?"

ती माझ्याकडे पाहतच राहिली. तिने पोत उचलली, खिडकीशी नेली आणि एक दाणा नखावर घेऊन पाहू लागली. जोंधळ्याचाच दाणा तो. कणसातून नुकता निसटल्यासारखा.

त्या रात्री आम्ही दोघींनी नावांची यादी केली. जोंधळी पोत. बोरमाळ. पोहेहार. चिंचपेटी. बकुळीहार. कोयरी. जव. पायाच्या बोटात मासोळी. एवढी वर्षे मी भाषा शिकवते, पण हे शब्द मी तोळ्यांच्या हिशेबातच ऐकत आले. जोंधळा, बोर, पोहा, चिंच, बकुळ, कैरी, जव, मासा! शेतातून आणि स्वयंपाकघरातून उचललेले आकार. पुतळ्यांची माळ तेवढी नाण्यांवरून आली. पण वजनावरून नाव पडलेला एकही दागिना आम्हांला आठवेना. नाव ठेवणाऱ्यांनी दागिना घाटाने ओळखला. तो तोळ्याने ओळखायला आपण नंतर शिकलो.

एवढाच फरक की पेरेत्तीच्या प्रत्येक दागिन्यावर तिचे नाव कोरलेले असते. जोंधळ्याचा दाणा पहिल्याने सोन्यात कोणी पाहिला, ते कोठेही लिहिलेले नाही. जात्यावरच्या ओव्यांची जी गत, तीच ह्या घाटांची. पेरेत्तीच्या वाट्याला घडणावळ आली, मान आला, करार आले. आमच्या सोनाराला त्या दाण्यामागे काय मिळाले असेल ते मिळो. मोडीच्या दिवशी ते काट्यावर शून्य भरते.

इथेच लेख संपवता आला असता. 'तोळे विसरा, घाट पाहा' असा उपदेश करून मी मोकळी झाले असते. परंतु मला तो अधिकार नाही. का नाही, ते सांगायला हवे.

मी बी.ए. झाले तेव्हा वडील ज्या कारखान्यात होते तो बंद पडला. पुढे शिकायचे तर कोल्हापूरला राहायचे, खोलीचे भाडे, खानावळ, पुस्तके. वडील म्हणाले, "पुरे आता." आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती ह्याच सराफकट्ट्यावर जाऊन आली. तिच्या हातांत पाटल्या नव्हत्या, आणि दोन वर्षांचा माझा खर्च होता. चार तोळ्यांच्या पाटल्या. सराफाने त्या दिवशी घाटाकडे पाहिले नाही, वजनाकडे पाहिले. म्हणून मी एम.ए. झाले. चांदीचा घेवडा विकून कोणाची मुलगी एम.ए. होत नाही.

पेरेत्तीला बापाने पैसे बंद केले हे खरे. पण बाप तेलाचा मालक होता, आणि त्याच्या मृत्यूनंतर, १९७७ नंतर, तिला मोठा वारसाही मिळाला. (तो तिने सांभाळून ठेवला नाही, वडिलांच्या नावाने २००० साली संस्था काढून जगभर दानधर्म केला.) आमच्याकडे बँकेत बाईचे नाव नसे, सातबाऱ्यावर नसे, तिचे म्हणून जे काही असे ते तिच्या मनगटावर आणि गळ्यात. तोळा हा तिचा अडाणीपणा नव्हता. ती तिची शहाणीव होती.

हे सारे मी मुलीला सांगितले. तिला पाटल्यांची गोष्ट ठाऊक नव्हती. ती गप्प झाली. मग उठून आजीच्या खोलीत गेली. मीही मागोमाग गेले.

"आजी, तुझ्या पाटल्या कशा होत्या गं?"

मला वाटले, आई म्हणेल, चार तोळ्यांच्या. पंचवीस वर्षांत तिने त्यांचे नाव काढले नव्हते. आईने उजव्या हाताचे मनगट डाव्या हाताने धरले आणि म्हणाली, "कडेला बारीक वेल होती. वेलीला एकाआड एक पान आणि कळी. आतल्या अंगाला एक कळी झिजली होती, माझ्या सासूबाईंच्या हातातच झिजलेली. काम करताना अंगठा तिथे लागायचा."

मग थोडा वेळ थांबून म्हणाली, "सोनं काय, परत घेता येतं. तुझ्या आईनं घेऊनही दिलं. ती वेल कुठून आणायची?"

मी नोकरीला लागल्यावर आईला नव्या पाटल्या केल्या होत्या. पाच तोळ्यांच्या, एक तोळा जास्तच. त्या ती सणालासुद्धा क्वचित घालते. का, ते मी कधी विचारले नव्हते. मला वाटे, कर्ज फिटले.

*

पेरेत्ती १८ मार्च २०२१ रोजी वारली. ऐंशी वर्षांची होती. स्पेनमध्ये, कॅटलोनियात, सांत मार्ती वेल नावाचे एक खेडे आहे. १९६८ साली तिने तिथे एक पडके घर घेतले होते. पैसा आल्यावर ती न्यूयॉर्कच्या झगमगाटात राहिली नाही. त्या खेड्यात गेली, एकेक पडके घर दुरुस्त करीत राहिली. तिथेच झोपेत तिला मरण आले. जुन्या, मोडकळीला आलेल्या गोष्टी मोडीत काढायच्या नाहीत, हा तिचा स्वभाव असावा.

आमच्या पोतीचे काय झाले, हे वाचक विचारतील. श्रावणात मुलगी तिला घेऊन एकटीच सराफकट्ट्यावर गेली. पोत काट्यावर टाकू दिली नाही. सराफांनी पत्ता दिलेल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडून तिने ती नव्या रेशमी दोऱ्यात गाठवून घेतली. ओघळलेले दाणे डब्यातून मोजून दिले होते. चार कमी भरले. ते चार दाणे नव्याने करायचे होते. सोने किरकोळ लागले, मजुरी मात्र सोन्याहून जास्त झाली. ती तिने स्वतःच्या पगारातून दिली आणि पावती आणून आजीपुढे ठेवली. पावतीवर एका ओळीत सोने होते आणि दुसऱ्या ओळीत घडणावळ.

आईने पावती वाचली. "लुटलं की गं तुला," म्हणाली. मग पोत हातात घेऊन नवे चार दाणे कोणते ते शोधू लागली. बराच वेळ शोधत होती. सापडले नाहीत तेव्हा समाधानाने मान हलवली आणि पोत नातीच्या गळ्यात घातली, तिथल्या चांदीच्या घेवड्याला न काढता.

यंदाच्या पाडव्याला आम्ही तिघी पुन्हा सराफकट्ट्यावर जाणार आहोत. आईच्या जुन्या पाटल्यांवरची ती वेल तिच्याकडून कागदावर उतरवून घ्यायचे काम मुलीने सुरू केले आहे. आईला चित्र काढता येत नाही; ती पुसते, पुन्हा काढायला लावते, पान मोठे झाले म्हणते, कळी डावीकडे होती म्हणते. तो कागद घेऊन जायचे आणि माझ्या पाच तोळ्यांच्या पाटल्यांवर ती वेल कोरून घ्यायची. कोरताना थोडे सोने उडेल. घट येईल. ती कितीही आली तरी चालेल, असे आईने स्वतःच सांगितले आहे.